विश्लेषण : मोहेंजोदारोत कत्तल झाली, हे कोणी ठरवले? इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या मॉर्टिमर व्हीलर यांची कहाणी

मोहेंजोदारोच्या उत्खननातील अस्ताव्यस्त पडलेल्या सांगाड्यांचे कृष्णधवल छायाचित्र मोबाइलवर अधूनमधून फिरत असते. सोबतचा मजकूरही ठरलेला असतो. कुणी लिहिते, हा आर्यांनी केलेल्या कत्तलीचा पुरावा. कुणी त्याला थेट प्राचीन अणुस्फोटाशी जोडते. अणुस्फोटाचा दावा हसून सोडून देता येतो. कत्तलीच्या दाव्याचे तसे नाही, कारण तो कुठल्या फॉरवर्डमधून जन्मलेला नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या महासंचालकांनी तो विभागाच्याच नियतकालिकात मांडला होता. पुढे कित्येक वर्षे तो पाठ्यपुस्तकांतही होता.

त्या महासंचालकांचे नाव मॉर्टिमर व्हीलर. माती शास्त्रशुद्ध कशी उकरावी, हे भारतातल्या एका अख्ख्या पिढीला त्यांनी शिकवले. आजही कोणत्याही उत्खननस्थळी दिसणारे चौकोनी खड्डे आणि त्यांच्यामध्ये सोडलेले मातीचे बांध ही त्यांचीच देणगी आहे. मात्र ज्या सांगाड्यांवरून त्यांनी एका संस्कृतीच्या अंताचा निकाल दिला, ते सांगाडे त्यांनी स्वतः उकरलेले नव्हते. आणि ज्यांनी उकरले, त्यांच्या पद्धतीवर व्हीलर यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

पाच जणांतला एक

व्हीलर यांचा जन्म १० सप्टेंबर १८९० रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील पत्रकार होते. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब आधी एडिंबरा, मग यॉर्कशायर आणि १९०५ मध्ये लंडनला आले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये व्हीलर यांनी ग्रीक-लॅटिनचे शिक्षण घेतले. चित्रकलेचीही ओढ होती. पुढे त्यांनी काढलेले उत्खननाचे आराखडे आणि छेदचित्रे पाहिली की हा हात नुसता अभ्यासकाचा नाही, हे लक्षात येते.

पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर रॉक्सिटर या रोमनकालीन नगराच्या उत्खननात पाच विद्यार्थी एकत्र काम करत होते. युद्ध संपले तेव्हा त्या पाचांपैकी एकटे व्हीलर जिवंत होते. तोफखान्यात अधिकारी म्हणून ते पश्चिम आघाडीवर लढले, पॅशेंडेलच्या चिखलातून गेले आणि १९१८ मध्ये त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला. ब्रिटिश पुरातत्त्वाची एक तरुण फळी युद्धात नाहीशी झाली होती. जे काम दहा जणांत वाटले गेले असते, ते आपल्यालाच करायचे आहे अशा घाईने ते पुढचे आयुष्य जगले.

वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते १९२० मध्ये रुजू झाले आणि १९२४ मध्ये त्याचे संचालक झाले. दोन वर्षांनी त्यांच्याकडे लंडन म्युझियम आले. या सगळ्या वर्षांत त्यांच्या बरोबरीने खड्ड्यात उतरणारी व्यक्ती होती त्यांची पत्नी टेसा. सेगोंटियम, केर्लिऑन, लिडनी आणि व्हेरुलेमियम या उत्खननांच्या नोंदी, हिशेब, विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण यांतला मोठा भार टेसा यांनी उचलला. लंडनमध्ये पुरातत्त्वाची स्वतंत्र संस्था उभी राहावी यासाठीही दोघांनी वर्षानुवर्षे खटपट केली. ती संस्था १९३७ मध्ये सुरू झाली. टेसा मात्र त्याआधी वर्षभर, एप्रिल १९३६ मध्ये, एका शस्त्रक्रियेनंतर गेल्या. व्हीलर तेव्हा पश्चिम आशियाच्या दौऱ्यावरून परतत होते. पत्नीच्या निधनाची बातमी त्यांना पॅरिसमध्ये वर्तमानपत्रातून कळली. संसारात ते एकनिष्ठ कधीच नव्हते, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही. नावही बहुतेक वेळा त्यांचेच झाले, टेसा यांचे नाही.

चौकोनी खड्डे कशासाठी?

व्हीलर यांची पद्धत समजली नाही तर पुढचा सगळा वाद समजणार नाही, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

जुन्या वस्तीच्या टेकाडात मातीचे थर एकावर एक साचलेले असतात. घर पडते, त्यावर राख, राखेवर गाळ, गाळावर नवे घर. पण हे थर टेबलासारखे सपाट नसतात. ते उतरतात, चढतात, कुठे नंतरच्या लोकांनी खणलेला खड्डा त्यांना भेदून खाली जातो. जुने उत्खनक एका ठरावीक बिंदूपासून खोली मोजत आणि अमुक फुटांवर सापडलेल्या सगळ्या वस्तू एकाच काळातल्या मानत. समजा, थर उतरता असेल तर? त्याच खोलीवर एका बाजूला शंभर वर्षांपूर्वीची आणि दुसऱ्या बाजूला पाचशे वर्षांपूर्वीची माती असू शकते. म्हणजे मोजमाप अचूक, पण निष्कर्ष चुकीचा.

एकोणिसाव्या शतकात जनरल पिट-रिव्हर्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने काटेकोर नोंदी ठेवून उत्खनन करण्याचा पायंडा पाडला होता. व्हीलर यांनी तो उचलला आणि शिस्तीत बसवला. जागेची चौरसांत आखणी करायची, दोन चौरसांमध्ये मातीचा बांध सोडायचा, बांधाच्या उभ्या कापात थर वाचायचे, प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा आणि वस्तू कुठल्या थरातून आली हे लांबी, रुंदी व खोली या तिन्ही मापांत नोंदवायचे. त्यांच्या शिष्या कॅथलीन केन्यन यांनी ही पद्धत पुढे जेरिकोपर्यंत नेली. आज ती ‘व्हीलर-केन्यन पद्धत’ म्हणून शिकवली जाते. या पद्धतीचा खरा फायदा असा की उत्खनकाचा निष्कर्ष चुकला तरी नोंदी शिल्लक राहतात आणि पन्नास वर्षांनी दुसरे कुणी त्या तपासू शकते. व्हीलर यांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

मेडन कॅसल : पहिले ‘रणांगण’

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टर गावाजवळ, मेडन कॅसल नावाचा प्रचंड किल्ला आहे. नावात कॅसल असले तरी दगडी बुरूज-दरवाजे मनात आणू नका. हा लोहयुगीन टेकडीकिल्ला आहे. एकामागे एक मातीचे उंच बांध, मध्ये खोल खंदक, आत सुमारे ४७ एकर जागा आणि प्रवेशद्वाराशी शत्रूला गोल गोल फिरवणारी वळणावळणांची वाट. व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ अशी चार वर्षे इथे काम केले.

हे उत्खनन म्हणजे त्या काळातला मोठा लोकोत्सवच होता. पर्यटकांना जागा समजावून सांगायला मार्गदर्शक होते, पोस्टकार्डे विकली जात, वर्तमानपत्रांना नियमित बातम्या पुरवल्या जात. सर्वसामान्यांच्या पैशांवर चालणारे काम सर्वसामान्यांना कळलेच पाहिजे, हा व्हीलर यांचा आग्रह होता. त्यासाठी बातमी कशात आहे हे ओळखावे लागते. पत्रकाराच्या मुलाला ते अचूक जमत असे.

पूर्वेच्या दरवाजापाशी बातमी सापडली. तिथे एका खड्ड्यात २० हजारांहून अधिक गोफणगुंडे साठवलेले होते. चेसिल या जवळच्या समुद्रकिनाऱ्यावरून वेचून आणलेले ते गोटे होते. जवळच दफने सापडली. काही कवट्यांवर तलवारीचे खोल घाव होते, एकाच्या पाठीच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेले होते. भोवती राखेचा थर होता. व्हीलर यांनी या तुकड्यांची सलग कथा बांधली. रोमन सैन्य इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरले. पुढे सम्राट झालेला व्हेस्पेशियन तेव्हा एका लीजनचा सेनापती होता. त्याने आधी यंत्रांनी बाणांचा मारा केला, मग दरवाजा जाळून आत घुसून कापाकापी केली. रात्री वाचलेल्या लोकांनी आपल्या माणसांना घाईघाईने राखेतच पुरले. व्हीलर यांनी या जागेला ‘युद्धस्मशान’ ठरवले आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हा प्रसंग जवळजवळ कादंबरीसारखा रंगवला. रोमन इतिहासकार सुएटोनियस याने व्हेस्पेशियनने वीसहून अधिक तटबंदीची ठाणी जिंकल्याचे लिहिले आहे. मेडन कॅसलचे नाव मात्र त्याने कुठेही घेतलेले नाही.

याच टेकडीवर नवाश्मयुगीन मातीचा एक अतिलांब बांध आहे, तब्बल ५४६ मीटरचा. त्याच्याशी एका तरुणाचा तोडलेला सांगाडा सापडला. कवटी फोडण्याचा प्रयत्न झालेला दिसत होता. व्हीलर यांनी तो नवाश्मयुगीन मानला आणि नरमांसभक्षणाचा तर्क केला. पुढे कार्बन कालमापन झाले तेव्हा तो माणूस सातव्या शतकातला, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातला निघाला. अंदाज थोडाथोडका नाही, चार हजार वर्षांच्या आसपास चुकला होता.

या उत्खननात एक भारतीय विद्यार्थीही होता. लंडनला पीएचडीसाठी गेलेले हसमुख धीरजलाल सांकलिया. ते १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि जोर्वे, नेवासे, इनामगाव या उत्खननांतून महाराष्ट्राच्या प्रागैतिहासिक काळाचा पाया त्यांनी घातला. खेड कसे काढावे, हे त्यांनी जिथे पाहिले त्या जागांपैकी एक म्हणजे डॉर्सेटची ही टेकडी.

युद्धातून थेट भारतात

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा व्हीलर पन्नाशीला टेकले होते. त्या वयात त्यांनी विमानविरोधी तोफांची तुकडी उभारली, उत्तर आफ्रिकेत अल अलामीनला लढले, लिबियातल्या रोमन अवशेषांची सैनिकांकडून नासधूस होऊ नये म्हणून खटपट केली आणि ब्रिगेडिअर म्हणून सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरले. याच धामधुमीत त्यांना भारताचे निमंत्रण आले. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या कामावर १९३९ मध्ये लिओनार्ड वूली यांनी कडक टीकेचा अहवाल दिला होता. व्हाइसरॉय वेव्हेल यांना खात्याला वळण लावणारा माणूस हवा होता.

व्हीलर १९४४ मध्ये महासंचालक झाले. त्यांच्या आधी या पदावर पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित होते. दीक्षित यांनी १९२४-२५ च्या हंगामात स्वतः मोहेंजोदारोत उत्खनन केले होते. व्हीलर यांचा खाक्या वेगळा होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांनी तक्षशिला येथे तंबू ठोकून सहा महिन्यांची प्रशिक्षण शाळा भरवली. देशभरातून ६१ विद्यार्थी आले. छावणीची शिस्त लष्करी होती. बी. बी. लाल, बी. के. थापर ही पुढे गाजलेली नावे याच शाळेतून आली. अजिंठ्याच्या चित्रांचे अभ्यासक आणि पुढे स्वतः महासंचालक झालेले म. न. देशपांडे हेही व्हीलर यांच्या तालमीत तयार झाले. चार वर्षांच्या कारकिर्दीचे सर्वांत टिकाऊ फळ कोणते, तर ही माणसे.

त्यांचे स्वतःचे उत्खनन तितकेच झपाटलेले होते. मद्रास संग्रहालयात त्यांना भूमध्य समुद्राकडच्या एका सुरईचा तुकडा दिसला. माग काढत १९४५ मध्ये ते पुदुचेरीजवळ अरिकामेडूला पोहोचले. तिथे इटलीतल्या आरेझोची तांबडी चकाकती भांडी सापडली. त्या भांड्यांचा काळ युरोपात पक्का ठाऊक होता. म्हणजे त्याच थरातल्या दक्षिण भारतीय खापरांचाही काळ कळला. मग १९४७ मध्ये कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला जाऊन त्यांनी त्या खापरांच्या आधारे महापाषाणीय दफनांचा काळ ठरवला. मोठ्या शिळांची कबर, भोवती दगडांचे वर्तुळ, आत लोखंडी हत्यारे आणि काळी-तांबडी भांडी. व्हीलर यांनी या स्मारकांना इसवी सनापूर्वी साधारण २०० ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य असा काळ दिला.

विदर्भातल्या वाचकांनी नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे पाहिली असतील. ती याच महापाषाणीय परंपरेतली आहेत. १९६१-६२ मध्ये तिथे उत्खनन केले ते तक्षशिलेच्या शाळेतल्याच थापर यांनी. पुढे शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे काम केले. कार्बन कालमापनाने विदर्भातली ही संस्कृती इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकापर्यंत मागे नेली. ब्रह्मगिरीच्या तारखाही आता कुणी प्रमाण मानत नाही. पण थर, खापर, तुलना हे गणित मांडायला शिकवले व्हीलर यांनीच.

हडप्पाची भिंत आणि इंद्र

मे १९४४ मध्ये व्हीलर पहिल्यांदा हडप्पाला गेले. इथल्या भाजक्या विटा एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या खडीसाठी पळवल्या गेल्या होत्या. त्यामुळे टेकाड पार पोखरले गेले होते. तरी चढावर त्यांना कच्च्या विटांचा एक जाडजूड पट्टा दिसला आणि ही तटबंदी आहे हे त्यांनी काही मिनिटांतच ओळखले. आयुष्यभर किल्ल्यांच्या बांधांत वावरलेली ती नजर होती. १९४६ मध्ये त्यांनी तिथे छेद घेतला. पायथ्याशी १२ मीटरहून अधिक रुंद अशी भिंत निघाली.

या शोधाने मोठा धक्का दिला. जॉन मार्शल यांनी १९२४ मध्ये सिंधू संस्कृतीची घोषणा केल्यापासून ती शांतताप्रिय व्यापाऱ्यांची संस्कृती मानली जात होती. शस्त्रे थोडी, राजवाडे नाहीत, युद्धाची चित्रे नाहीत. आता तिथे तटबंदी निघाली. तटबंदी आहे म्हणजे शत्रू असणार. मग शत्रू कोण?

व्हीलर यांनी उत्तर ऋग्वेदात शोधले. इंद्राचे एक नाव पुरंदर, म्हणजे पुरे फोडणारा. पुण्याच्या वाचकाला पुरंदर म्हटले की गड आठवेल. इथे तो गड फोडणारा देव आहे. ही पुरे कुठली, हा प्रश्न अभ्यासकांना आधीपासून पडला होता. रमाप्रसाद चंदा यांनी १९२६ मध्येच त्यांचा संबंध सिंधू नगरांशी सुचवला होता. व्हीलर यांनी त्या तर्काला भिंत पुरवली आणि पुढचा पुरावा म्हणून मोहेंजोदारोच्या वरच्या थरांतले सांगाडे जोडले. गल्लीत, घरात, विहिरीच्या पायऱ्यांशी पडलेली माणसे, स्त्रिया, मुले. ‘एन्शंट इंडिया’ या स्वतःच सुरू केलेल्या नियतकालिकात १९४७ मध्ये हडप्पाचा अहवाल आला. त्यात त्यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून इंद्रालाच आरोपी ठरवले.

वेळही विलक्षण होती. त्याच वर्षी फाळणी झाली. हडप्पा, मोहेंजोदारो, तक्षशिला पाकिस्तानात गेली. संग्रहालयांतल्या वस्तूंची वाटणी झाली, मोहेंजोदारोचे हार उसवून मणी दोन देशांत वाटले गेले. एप्रिल १९४८ मध्ये व्हीलर यांनी भारत सोडला, मग काही काळ पाकिस्तान सरकारचे सल्लागार राहिले आणि १९५० मध्ये मोहेंजोदारोत स्वतः उत्खननही केले. तिथे एका मोठ्या विटांच्या चौथऱ्याला त्यांनी धान्याचे कोठार म्हटले. त्यात धान्याचा पुरावा सापडलेला नाही आणि ते नाव आज अवतरणचिन्हांतच लिहिले जाते.

कत्तलीचा सिद्धांत कसा कोसळला?

अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये एका लेखात जुने अहवाल पुन्हा वाचून साधे प्रश्न विचारले. हल्ला झाला तर शहराच्या उंच, तटबंदीच्या भागात एकही सांगाडा कसा नाही? सगळे खालच्या वस्तीतच कसे? ठेचलेली चिलखते, मोडके रथ, बाणांचा खच कुठे आहे? जळालेले शहर कुठे आहे? सुमारे ३७ जणांचे अवशेष आहेत, पण ते एकाच थरात नाहीत. काही तर ओसाड पडलेल्या घरांत नंतर पुरलेले दिसतात.

इथे सुरुवातीचा मुद्दा परत येतो. हे सांगाडे १९२० आणि १९३० च्या दशकांत, ठरावीक बिंदूपासून खोली मोजण्याच्या जुन्या पद्धतीने काढलेले होते. त्या पद्धतीत थर कळत नाही, हे व्हीलर यांनीच जगाला ओरडून सांगितले होते. मग तिच्याच आधारे सगळे मृत एकाच दिवशी पडले, असे म्हणता येते का? आपल्या तक्षशिलेच्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला असता तर व्हीलर यांनी त्याची वही फेकून दिली असती. ज्या कथेत भिंत, देव आणि प्रेते इतकी चपखल बसत होती, तिच्या बाबतीत त्यांनी ही चाळणी लावली नाही.

पुढे केनेथ केनेडी यांनी हाडे तपासली. घावांच्या खुणा एक-दोन कवट्यांवरच दिसल्या आणि त्यातला एक घाव मृत्यूच्या बराच आधी भरून आलेला होता. कालगणनेनेही साथ सोडली. व्हीलर नगरांचा अंत इसवी सनापूर्वी १५०० च्या आसपास धरत होते. कार्बन कालमापनाने मोठ्या नगरांची घसरण १९०० च्या सुमारास नेऊन ठेवली. क्षीण होत गेलेला मोसमी पाऊस, घग्गर-हाकरा खोऱ्यातले आटते पाणी, पूर, मेसोपोटेमियाशी मंदावलेला व्यापार, अशी कारणे आता मांडली जातात. हडप्पाच्या भिंतीही निव्वळ युद्धासाठी नव्हत्या. पुरापासून बचाव, शहरात येणाऱ्या मालावर नियंत्रण, प्रतिष्ठा, असे त्यांचे अनेक उपयोग संशोधक सांगतात. व्हीलर यांनी स्वतः नंतरच्या लेखनात नैसर्गिक कारणांना अधिक जागा दिली, पण हल्ल्याची कल्पना त्यांच्या मनातून पूर्ण गेली नाही.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. मोहेंजोदारोत कत्तल झाली नाही, याचा अर्थ मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून लोक आलेच नाहीत, असा होत नाही. स्थलांतराचा प्रश्न जनुकशास्त्र आणि भाषाशास्त्राच्या पुराव्यांवर स्वतंत्रपणे तपासला जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासांनी तो नव्याने चर्चेत आणला. त्या वादात कोणतीही बाजू घेणाऱ्याला हे सांगाडे साक्षीला बोलावता येत नाहीत.

टीव्हीवरचा तारा

इंग्लंडमध्ये परतलेल्या व्हीलर यांना १९५२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी बीबीसीवर ‘अ‍ॅनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’ हा कार्यक्रम सुरू झाला. संग्रहालयातली एखादी वस्तू समोर ठेवायची आणि तज्ज्ञांनी ती ओळखायची. झुपकेदार मिशांचे, मिश्कील व्हीलर घराघरांत पोहोचले आणि १९५४ मध्ये ब्रिटनचे वर्षातले लोकप्रिय टीव्ही व्यक्तिमत्त्व ठरले. पुरातत्त्वज्ञाला असा मान मिळणे आजही कठीण वाटते. त्याच वर्षी ‘आर्किऑलॉजी फ्रॉम द अर्थ’ हे त्यांचे पद्धतीवरचे पुस्तक आले, जे भारतातल्या विद्यापीठांत दीर्घकाळ वाचले गेले. ब्रिटिश अकादमीचे सचिवपदही त्यांनी १९४९ ते १९६८ सांभाळले.

लढाई मात्र त्यांना दिसतच राहिली. १९५१-५२ मध्ये यॉर्कशायरमधील स्टॅनविक येथे प्रवेशद्वाराच्या खंदकात म्यानासह तलवार आणि जवळच घाव झालेली कवटी मिळाली. व्हीलर यांनी हे रोमनांविरुद्ध उठलेल्या व्हेनुशियस या सरदाराचे शेवटचे ठाणे मानले. १९८० च्या दशकातल्या कामानंतर ते रोमनांशी मैत्री राखणाऱ्या राणी कार्टिमांडुआचे समृद्ध ठिकाण असावे, असे मत पुढे आले. लढणारा सरदार जाऊन व्यापार करणारी राणी आली.

याला केवळ तोफखान्यातला भूतकाळ जबाबदार होता, असे म्हणणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही. सामान्य माणसाला खापरांच्या यादीत रस नसतो, माणसांच्या कथेत असतो, हे त्यांना ठाऊक होते. कथा सांगण्याच्या या हट्टामुळेच लोक उत्खनने पाहायला आले, पैसा आला, विद्यार्थी आले. त्याच हट्टामुळे पुराव्यात जिथे रिकाम्या जागा होत्या, तिथे लढाया भरल्या गेल्या. व्हीलर यांचे २२ जुलै १९७६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, निधन झाले.

मेडन कॅसलचे काय झाले?

१९८५-८६ मध्ये नायल शार्पल्स यांनी तिथे पुन्हा उत्खनन केले. पूर्व दरवाजाजवळच्या राखेचा संबंध रोमनांनी लावलेल्या आगीपेक्षा लोखंड घडवण्याच्या कामाशी अधिक दिसला. दफनेही घाईत उरकलेली नव्हती. मृतांसोबत मांसाचे तुकडे आणि भांडी ठेवलेली होती, त्या भागातल्या लोकांच्या रीतीप्रमाणेच. मणक्यात रुतलेले टोक रोमन यंत्राच्या बाणाचेच आहे का, यावरही शंका घेतली गेली.

२०२५ मध्ये बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हीलर यांनी जपून ठेवलेल्या त्याच हाडांचे कार्बन कालमापन प्रसिद्ध केले. घाव खरे होते, माणसे मारलीच गेली होती. पण ती एका दिवशी पडली नव्हती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, काही पिढ्यांच्या अंतराने, त्यांचे मृत्यू झाले होते. म्हणजे बहुतेक जण रोमन सैन्य ब्रिटनमध्ये येण्याआधीच मेले होते आणि मारणारे बहुधा त्यांच्याच मुलखातले होते. मणक्यात लोखंड रुतलेला तो सांगाडा आजही डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट म्युझियममध्ये पाहता येतो.